परक्या बुद्धीचा शोध : पासष्ट वर्षांनंतर

कोल्हापूरचा आणि परग्रहावरच्या जीवांचा काय संबंध, असे कोणी विचारले तर निदान दोन नावे सांगता येतात. पहिले खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकरांचे. १९ जुलै १९३८ रोजी त्यांचा जन्म कोल्हापुरात झाला. वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक असल्याने मुलाचे बालपण मात्र वाराणसीत गेले. दुसरे नाव केसरबाई केरकरांचे. गोव्यातल्या केरी गावच्या या मुलीने लहानपणी काही महिने कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांकडे धडे घेतले. पुढे ज्यांच्याकडून त्यांनी जयपूर-अत्रौली गायकी घेतली, ते अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. केसरबाईंची भैरवीतली साडेतीन मिनिटांची ध्वनिमुद्रिका १९७७ साली दोन्ही ‘व्हॉयेजर’ यानांवरच्या सोनेरी तबकडीत समाविष्ट झाली. पंचावन्न भाषांतले नमस्कार त्याच तबकडीवर आहेत आणि त्यांत मराठीही आहे. ‘व्हॉयेजर-१’ ५ सप्टेंबर १९७७ ला निघाले आणि अकरा दिवसांनी केसरबाईंचे निधन झाले. ते यान आज सूर्यापासून सुमारे २५०० कोटी किलोमीटरवर आहे.

या दोन नावांत परग्रहावरच्या जीवांच्या प्रश्नाची दोन टोके येतात. जीव मुळात आला कुठून आणि तो किती ठिकाणी असेल, हे एक टोक. तिकडे ऐकणारे, बोलणारे कोणी असेल तर गाठ कशी पडणार, हे दुसरे. गेल्या पासष्टेक वर्षांत दोन्हींवर बरेच काम झाले, वादही झाले. ते आज कोठवर आले आहेत याचा हा आढावा. उडत्या तबकड्यांचा विचार यात केलेला नाही. अमेरिकेच्या ‘नासा’ने नेमलेल्या स्वतंत्र अभ्यासगटाने सप्टेंबर २०२३ मध्ये दिलेल्या अहवालात, अशा घटनांमागे परग्रहवासी असल्याचा पुरावा आढळला नाही असे सांगितले. उपलब्ध नोंदी फार तुटपुंज्या आहेत, हेही त्यात म्हटले होते. तपासता येईल असे त्यात सध्या फारसे काही नाही.

सुरुवात कशी झाली

कल्पना जुनीच, पण तिला प्रयोगाचे रूप १९५९ मध्ये आले. जुझेप्पे कोकोनी आणि फिलिप मॉरिसन या दोन भौतिकशास्त्रज्ञांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक छोटा निबंध लिहिला. त्यांचा युक्तिवाद असा : ताऱ्यांमधल्या अंतरावर संदेश पाठवायचा तर रेडिओलहरी स्वस्त पडतात आणि धुळीच्या ढगांतूनही पार जातात. आता कोणत्या कंप्रतेवर ऐकायचे? विश्वात सर्वाधिक असलेला हायड्रोजन १४२० मेगाहर्ट्झला, म्हणजे २१ सेंटिमीटर तरंगलांबीला, आपणहून लहरी सोडतो. खगोलशास्त्र जाणणाऱ्या कोणालाही ही जागा माहीत असणार, तेव्हा तिथे कान लावावा.

त्यांच्याशी संपर्क नसतानाही फ्रँक ड्रेक हा तरुण शास्त्रज्ञ नेमकी तीच तयारी करत होता. १९६० मध्ये अमेरिकेतल्या ग्रीन बँक येथे २६ मीटर व्यासाची तबकडी त्याने टाऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी या दोन जवळच्या, साधारण अकरा-बारा प्रकाशवर्षांच्या आतल्या ताऱ्यांकडे वळवली. हाती काही लागले नाही. पुढच्या वर्षी तिथेच भरलेल्या छोट्या बैठकीसाठी त्याने विषयपत्रिका म्हणून एक समीकरण फळ्यावर लिहिले. आज ते ड्रेक समीकरण म्हणून ओळखले जाते.

त्यानंतरच्या इतिहासात उत्साह आणि उपेक्षा आलटून पालटून येतात. १९६७ मध्ये जोसेलिन बेल यांना ठरावीक ठेक्यात येणारे स्पंद सापडले, तेव्हा त्या स्रोताला गमतीने ‘छोटी हिरवी माणसे’ असे टोपणनाव मिळाले. तो निघाला स्पंदक तारा. १५ ऑगस्ट १९७७ रोजी ओहायोतल्या दुर्बिणीने ७२ सेकंद टिपलेला तीव्र संकेत पाहून जेरी एहमन यांनी कागदाच्या कडेला ‘वॉव’ लिहिले. तो पुन्हा कधीच मिळाला नाही आणि त्याचा सर्वमान्य खुलासाही झालेला नाही. ‘नासा’ने १९९२ मध्ये सुरू केलेला कार्यक्रम वर्षभरातच अमेरिकी संसदेने निधी तोडून बंद पाडला. तेव्हापासून हे काम मुख्यतः खासगी पैशावर चालते. १९९९ ते २०२० या काळात जगभरच्या लाखो लोकांनी आपले घरचे संगणक रिकाम्या वेळेत रेडिओनोंदी चाळण्यासाठी दिले. २०१५ मध्ये युरी मिल्नर या उद्योजकाने दहा वर्षांसाठी दहा कोटी डॉलर देऊन ‘ब्रेकथ्रू लिसन’ हा शोधप्रकल्प सुरू केला. या क्षेत्रातला आजवरचा सर्वांत मोठा प्रयत्न तोच.

समीकरण आणि शांतता

आकाशगंगेत आपल्याशी संपर्क साधू शकतील अशा संस्कृती किती, हे ड्रेक समीकरण सात घटकांच्या गुणाकाराने मांडते. दरवर्षी जन्मणारे तारे, त्यांपैकी ग्रह असलेले किती, त्या ग्रहांत राहण्याजोगे किती, त्यांतल्या कितींवर जीव उपजला, कितींवर बुद्धी आली, कितींनी संदेश पाठवण्याइतके तंत्र मिळवले, आणि शेवटी असे तंत्र असलेली संस्कृती टिकते किती वर्षे. १९६१ च्या बैठकीत उत्तर हजार ते दहा कोटी असे आले. एवढ्या रुंद पट्ट्याला कोणी उत्तर म्हणणार नाही. समीकरणाचा खरा उपयोग अज्ञान नेमके कुठे आहे ते दाखवण्याचा.

पहिल्या तीन घटकांबाबत आज बऱ्यापैकी माहिती आहे. १९९५ मध्ये ‘५१ पेगॅसी’ या सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला. ‘केप्लर’ दुर्बिणीने २००९ ते २०१८ मध्ये हजारोंची भर घातली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ‘नासा’च्या यादीने ६००० चा आकडा ओलांडला. बहुतेक ताऱ्यांना ग्रह असतात, हे आता गृहीतक राहिलेले नाही. पाणी द्रवरूपात राहील अशा अंतरावरचे खडकाळ ग्रहही दुर्मीळ दिसत नाहीत. मात्र उरलेल्या चार घटकांसाठी आपल्याजवळ एकच उदाहरण आहे, आपले. मतभेद तिथूनच सुरू होतात.

पहिले मत ड्रेक, खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि त्यांच्या परंपरेचे. आकाशगंगेत शंभर अब्जांहून अधिक तारे, सगळीकडे तेच रसायनशास्त्र, आणि पृथ्वीवर तर ती थोडी निवल्यावर लवकरच जीव दिसू लागला. मग दुसरीकडेही तो असणार, आणि त्यातून कुठेतरी बुद्धी निपजली असणार.

दुसऱ्या मताचे मूळ एका जेवणाच्या टेबलावर आहे. १९५० मध्ये लॉस अलामॉस येथे एडवर्ड टेलर वगैरे सहकाऱ्यांशी गप्पा मारताना एन्रिको फर्मी यांनी विचारले की हे सगळे लोक आहेत तरी कुठे? १९७५ मध्ये मायकेल हार्ट यांनी त्यातून रीतसर युक्तिवाद उभा केला. प्रकाशाच्या एक टक्का वेगाने जाणारी संस्कृतीसुद्धा एक-दोन कोटी वर्षांत आकाशगंगाभर पसरू शकते, आणि आकाशगंगेचे वय हजार कोटी वर्षांहून अधिक आहे. कोणी असते तर एव्हाना इथे आलेच असते. आले नाहीत, म्हणजे नाहीत. यावर आक्षेप असा की ‘पसरू शकते’ यावरून ‘पसरेलच’ हे निघत नाही. त्यावर हार्टपक्षाचे प्रत्युत्तर असे की, सगळ्यांनीच घरी बसायचे ठरवले असेल हे कसे मानावे, एकाने जरी बाहेर पडायचे ठरवले तरी पुरे. दोन्हींत दम आहे.

तिसरे मत जीवशास्त्राकडून येते आणि माझ्या मते मराठीत त्याची चर्चा सर्वांत कमी झाली आहे. १९९५ च्या सुमारास उत्क्रांतिशास्त्रज्ञ अर्न्स्ट मायर आणि सेगन यांच्यात लेखी वाद झाला. मायर यांचे म्हणणे असे की जीव इतरत्र असेलही, पण पृथ्वीवर होऊन गेलेल्या असंख्य प्रजातींपैकी यंत्रे बनवणारी बुद्धी एकाच प्रजातीत आली. निसर्गनिवडीला अशा बुद्धीची ओढ असती तर ती डोळ्यांसारखी अनेकदा, वेगवेगळ्या शाखांत, स्वतंत्रपणे उगवली असती. सेगन यांचे उत्तर : बुद्धी जगण्याला उपयोगी आहे, ती येण्याच्या वाटा अनेक असू शकतात, आणि एका ग्रहावरून नियम काढणे दोन्ही बाजूंना शोभत नाही. २००० मध्ये पीटर वॉर्ड आणि डोनाल्ड ब्राऊनली यांनी ‘दुर्मीळ पृथ्वी’ची भूमिका सविस्तर मांडली. साधे सूक्ष्मजीव पुष्कळ असतील, पण गुंतागुंतीच्या प्राण्यांसाठी लागणारे मोठा चंद्र, भूपट्टांची हालचाल, स्थिर तारा असे योग फार क्वचित जुळत असावेत, असे त्यांचे म्हणणे. खगोलशास्त्रज्ञ बहुधा आशावादी आणि जीवशास्त्रज्ञ बहुधा सावध, ही विभागणी आजही पुष्कळशी टिकून आहे.

चौथा गट म्हणतो, ते आहेत पण गप्प आहेत. जॉन बॉल यांनी १९७३ मध्ये सुचवले की आपल्याला प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्यांसारखे दुरून पाहिले जात असेल. चिनी कादंबरीकार लिऊ त्सि-शिन यांच्या ‘अंधाऱ्या अरण्या’त जो तो दुसऱ्याच्या भीतीने दडून बसलेला आहे. कथा-कादंबऱ्यांना हे मानवते. विज्ञानाला यात तपासता येईल असे थोडेच मिळते, कारण कोणतीही शांतता या कल्पनांशी जुळवून घेता येते.

पाचवे मत सर्वांत साधे आहे : आपण अजून नीट पाहिलेलेच नाही. जिल टार्टर यांनी फार वर्षांपूर्वी म्हटले की समुद्रातून पेलाभर पाणी काढून त्यात मासा नाही म्हणून समुद्र रिकामा ठरत नाही. जेसन राइट आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये दिशा, अंतर, कंप्रता, संकेताची तीव्रता, पुनरावृत्ती अशा सगळ्या बाजू धरून हिशेब केला. आतापर्यंतचा शोध सगळ्या महासागरांच्या तुलनेत एखाद्या मोठ्या हौदाएवढा भरतो, असे त्यातून निघाले. त्याच वर्षी ऑक्सफर्डच्या अँडर्स सँडबर्ग, एरिक ड्रेक्सलर आणि टोबी ऑर्ड यांनी दुसऱ्या बाजूने गणित मांडले. समीकरणातल्या अनिश्चितता प्रामाणिकपणे धरल्या तर आपण आकाशगंगेत एकटे असण्याची शक्यताही मोठी राहते. मग शांतता कोडे उरत नाही, त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. हे दोन निबंध एकमेकांना खोडत नाहीत. न मिळाल्यावरून नाही असे म्हणू नये, हे पहिला सांगतो. तारे पुष्कळ आहेत एवढ्यावरून आहे असेही म्हणू नये, हे दुसरा.

जीव वरून आला काय?

नारळीकरांचे काम या वादाच्या पायाशी येते. केंब्रिजमध्ये ते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे विद्यार्थी आणि पुढे सहकारी होते. हॉईल आणि चंद्र विक्रमसिंघे यांनी १९७० नंतर अशी मांडणी केली की सूक्ष्मजीव धूमकेतूंमधून अवकाशभर पसरलेले आहेत, पृथ्वीवर जीव तसाच आला आणि आजही येत असावा. बहुसंख्य जीवशास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. नारळीकरांचे वैशिष्ट्य असे की त्यांनी ती प्रयोगाच्या वाटेवर नेली : वरून काही येत असेल तर वर जाऊन हवा गोळा करावी आणि पाहावे.

जानेवारी २००१ मध्ये ‘इस्रो’च्या सहकार्याने हैदराबादच्या टीआयएफआर बलून केंद्रावरून फुगा सोडण्यात आला. द्रव निऑनने अतिशय थंड केलेल्या, आधी निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या ४१ किलोमीटर उंचीपर्यंत नेऊन तिथली हवा त्यांत गोठवली गेली. परदेशी प्रयोगशाळेत त्या नमुन्यांतून काही जिवाणू आणि एक बुरशी वाढवता आली, मात्र ती पृथ्वीवर आढळणाऱ्या जातींचीच होती. एप्रिल २००५ मध्ये प्रयोग पुन्हा केला, या वेळी अधिक काटेकोरपणे. ४५९ किलोचे उपकरण घेऊन फुगा गेला आणि २० ते ४१ किलोमीटर या पट्ट्यातले नमुने आले. हैदराबादच्या सीसीएमबीने आणि पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राने ते स्वतंत्रपणे तपासले. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. बहुतेक जिवाणूंचे पृथ्वीवरच्या ज्ञात जातींशी जवळचे साम्य होते. तीन जिवाणू मात्र नव्या जातींचे ठरले आणि आपल्या जवळच्या नातलगांपेक्षा अतिनील किरणांत अधिक तग धरणारे निघाले. २००९ मध्ये त्यांची नावे जाहीर झाली : हॉईल यांच्या नावाने ‘जॅनिबॅक्टर हॉईली’, इस्रोच्या नावाने ‘बॅसिलस इस्रोनेन्सिस’ आणि आर्यभटाच्या नावाने ‘बॅसिलस आर्यभट्टाय’.

बातम्यांतून ‘अवकाशातून आलेले जंतू’ असा बोभाटा झाला, पण इस्रोचे निवेदन सावध होते. या प्रयोगाने जीव पृथ्वीबाहेरचे असल्याचे निर्णायकपणे सिद्ध होत नाही, पुढचे संशोधन करण्याला मात्र बळ मिळते, इतकेच त्यात होते. टीकाकारांचा मुख्य मुद्दा असा की नव्या जातीचा जिवाणू म्हणजे परका जिवाणू नव्हे. पृथ्वीवरच्या बहुसंख्य सूक्ष्मजीवांना अजून नावेच मिळालेली नाहीत, आणि या तिघांची जनुके पृथ्वीच्या जीववृक्षातच चपखल बसतात. ज्वालामुखी, मोठी वादळे, विमाने, फुगे यांच्यामुळे खालचे जीव स्थितांबरात जाऊ शकतात. समर्थकांचे उत्तर असे की ४१ किलोमीटरवर जिवंत जिवाणू पोहोचण्याची सर्वमान्य यंत्रणा दाखवता आलेली नाही, आणि जीव सगळीकडे एकाच मूळचा असेल तर वरून येणारेही आपल्या जीववृक्षातच बसतील. हे उत्तर चतुर आहे, पण त्याने प्रश्न तपासाच्या बाहेर जातो. समस्थानिकांचे प्रमाण मोजून उगम ठरवता येईल का, हा एक मार्ग सुचवला जातो. त्यासाठी लागेल इतका नमुना मात्र आजवर गोळा झालेला नाही. केरळमध्ये २००१ साली पडलेल्या तांबड्या पावसाचीही याच संदर्भात चर्चा झाली होती. तिथले कण एका शैवालाचे बीजाणू असल्याचे त्याच वर्षीच्या शासकीय तपासातून पुढे आले.

जीवाची कच्ची सामग्री अवकाशात मुबलक आहे, हे मात्र आता वादातीत म्हणता येईल. बेन्नू लघुग्रहावरून आणलेल्या मातीत पृथ्वीवरच्या प्रथिनांत वापरली जाणारी २० पैकी १४ अमिनो आम्ले आणि डीएनए-आरएनएचे पाचही नत्रयुक्त घटक सापडल्याचे जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झाले. विटा वरून आल्या असतील. घर इथेच बांधले गेले की तेही तयारच आले, यावर मतभेद कायम आहे. नारळीकर २० मे २०२५ रोजी पुण्यात गेले. फुग्यांच्या त्या दोन प्रयोगांच्या तोडीचा तिसरा प्रयोग त्यांच्या हयातीत झाला नाही.

त्यांच्या कथालेखनाची सुरुवातही इथे नोंदवण्यासारखी आहे. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. परग्रहावरच्या बुद्धीचा विचार मराठी घरांत पोहोचला तो बऱ्याच अंशी शोधनिबंधांतून नव्हे, दिवाळी अंकांतून आणि ‘यक्षांची देणगी’सारख्या संग्रहांतून.

खोडदच्या तबकड्या

ऐकण्याच्या बाजूचे महाराष्ट्रातले मोठे ठिकाण जुन्नर तालुक्यात आहे. नारायणगावजवळ खोडद परिसरात, टोमॅटो आणि द्राक्षांच्या मळ्यांमध्ये, जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी साधारण चौरस किलोमीटरच्या जागेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन फांद्यांवर, सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. ती उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी घन पत्र्याऐवजी दोरखंडांच्या सांगाड्यावर ताणलेली बारीक तारांची जाळी वापरली. त्यामुळे तबकडी हलकी झाली, वाऱ्याला वाट मिळाली आणि खर्च आवाक्यात राहिला.

ही दुर्बीण परग्रहवासीयांसाठी बांधलेली नाही. दूरच्या आकाशगंगांतला हायड्रोजन, स्पंदक तारे, गुरुत्वलहरींची पार्श्वभूमी ही तिची कामे. पण तिची क्षमता आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे ‘स्कियापरेली’ यान मंगळावर उतरत होते. साडेसतरा कोटी किलोमीटरवरून येणारा त्याचा काही वॉटचा संकेत खोडदने टिपला. तो अपेक्षित वेळेआधी तुटला, आणि यान आदळल्याचे नंतर समजले. काही वॉट म्हणजे घरातल्या एलईडी दिव्याइतकी शक्ती. तरी मंगळ उंबऱ्यावर आहे. सर्वांत जवळचा तारा त्याच्या दोन लाख पटींहूनही अधिक दूर, आणि संकेत अंतराच्या वर्गाने क्षीण होतो. आपल्यासारख्या संस्कृतीचे टीव्ही-रेडिओ दुसऱ्या ताऱ्यावरून ऐकणे म्हणूनच सध्या जवळपास अशक्य. मुद्दाम आपल्या दिशेने सोडलेला किंवा प्रचंड शक्तीचा संकेतच आपल्याला मिळू शकेल.

तो ओळखायचा कसा? निसर्गातले रेडिओस्रोत कंप्रतेच्या रुंद पट्ट्यात पसरलेले असतात. अगदी अरुंद, काही हर्ट्झचा संकेत यंत्राकडेच बोट दाखवतो. पृथ्वी फिरत असल्याने बाहेरच्या अशा संकेताची कंप्रता हळूहळू सरकली पाहिजे. दुर्बीण ताऱ्यावरून हलवली की तो नाहीसा झाला पाहिजे. या चाळणीतून आजवर काहीच पक्के निघालेले नाही. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला २०१९ मध्ये प्रॉक्झिमा सेंटॉरीच्या दिशेने ९८२ मेगाहर्ट्झला मिळालेला संकेत बराच काळ टिकून होता. शेवटी, २०२१ मध्ये, तो आपल्याच कुठल्यातरी इलेक्ट्रॉनिक उपकरणाचा असल्याचे विश्लेषणातून दिसले. दूरदूर पसरलेल्या तबकड्यांच्या दुर्बिणी इथे उपयोगी पडतात. आकाशातला संकेत प्रत्येक तबकडीवर ठरावीक अंतराने पोहोचतो, शेजारच्या यंत्राचा गोंगाट तसा पोहोचत नाही.

गोंगाट हीच आता मोठी अडचण आहे. मोबाइल मनोरे, विजेच्या तारा, हजारोंनी वाढलेले दळणवळणाचे उपग्रह. पुणे-नाशिक सेमी हायस्पीड रेल्वेची नारायणगावकडून जाणारी आखणी जीएमआरटीला बाधक ठरते, या कारणाने ती बदलण्याची वेळ आली. त्या मार्गावरच्या गावांची नाराजी समजण्यासारखी आहे. जगातल्या प्रत्येक रेडिओ दुर्बिणीच्या आसपास हा तंटा कुठल्या ना कुठल्या रूपात आहे.

नव्या खुणा, जुनी सावधगिरी

अलीकडे शोधाचा भर संदेशाकडून खुणांकडे वळला आहे. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याच्या वातावरणातून गाळून आलेला प्रकाश तपासला तर तिथले वायू ओळखता येतात. सिंह राशीच्या दिशेला १२४ प्रकाशवर्षांवर असलेल्या ‘के२-१८बी’ या ग्रहावर डायमिथाइल सल्फाइडची चिन्हे दिसत असल्याचे केंब्रिजचे निक्कू मधुसूदन यांच्या गटाने २०२३ मध्ये आणि अधिक ठामपणे एप्रिल २०२५ मध्ये सांगितले. (नारळीकरांप्रमाणे तेही बनारस हिंदू विद्यापीठात शिकले.) पृथ्वीवर हा वायू मुख्यतः सागरी सूक्ष्मजीव बनवतात. इतर गटांनी तीच निरीक्षणे वेगळ्या रीतीने तपासली तेव्हा ती चिन्हे पुरेशी ठळक दिसली नाहीत. शिवाय हा वायू धूमकेतूवरही आढळला आहे आणि प्रयोगशाळेत जीवाविना तयार झाला आहे. शुक्रावरच्या फॉस्फिनचा २०२० चा दावाही असाच अधांतरी आहे. मंगळावर ‘पर्सिव्हिअरन्स’ला मिळालेल्या ठिपकेदार खडकात प्राचीन सूक्ष्मजीवांची संभाव्य खूण असल्याचे सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. खात्रीसाठी तो खडक पृथ्वीवर आणावा लागेल. जीव कोणत्या टोकाच्या परिस्थितीत तग धरतो हे पाहायला मात्र मंगळावर जावे लागत नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणात उल्काघाताने झालेल्या लोणारच्या क्षारयुक्त सरोवरातले सूक्ष्मजीव त्यासाठी अभ्यासले जातात.

हे सगळे जीवाबद्दल झाले, बुद्धीबद्दल नव्हे. बुद्धीच्या खुणा म्हणून ताऱ्याभोवती बांधलेल्या रचना, कारखान्यांचे वायू, लेसरचे झोत शोधण्याचे प्रस्ताव आहेत. २०१५ मध्ये एका ताऱ्याचा प्रकाश विचित्रपणे मंदावताना दिसला आणि महारचनेची चर्चा झाली. नंतरच्या निरीक्षणांत कारण धूळ असल्याचे दिसले. २०१७ मध्ये सूर्यमालेतून गेलेल्या ‘ओमुआमुआ’ या आंतरतारकीय पाहुण्याला हार्वर्डचे अवी लोब यांनी कृत्रिम मानण्याची शक्यता मांडली. बहुसंख्य तज्ज्ञ त्याचा नैसर्गिक खुलासा पुरेसा मानतात. लोब यांचे म्हणणे की शक्यता आधीच नाकारू नये. इतरांचे, की असाधारण निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा.

आपण बोलावे का?

१९७४ मध्ये अरेसिबो दुर्बिणीवरून एम-१३ या तारकागुच्छाकडे १६७९ बिटांचा संदेश पाठवला गेला. तो पोहोचायला सुमारे २५ हजार वर्षे लागतील, म्हणून ती कृती प्रतीकात्मकच होती. पुढे जवळच्या ताऱ्यांकडेही संदेश गेले आणि वाद पेटला. स्टीफन हॉकिंग यांनी इशारा दिला की अधिक प्रगत संस्कृतीची भेट दुबळ्याला महाग पडते. संदेश पाठवण्याच्या बाजूचे लोक म्हणतात की आपले अस्तित्व लपलेले नाहीच, प्रगत डोळ्यांना पृथ्वीच्या हवेतला प्राणवायू कोट्यवधी वर्षांपासून दिसत असेल, आणि सगळेच ऐकत बसले तर संवाद होणार कसा. खरा पेच अधिकाराचा आहे : सगळ्या मानवजातीच्या वतीने बोलण्याची मुभा कोणाला? संकेत मिळाल्यास काय करावे याची आचारसंहिता आंतरराष्ट्रीय अंतराळ अकादमीने १९८९ मध्ये केली आणि नंतर सुधारली. ती ऐच्छिक आहे. संदेश पाठवण्यावर बंधनकारक नियम कुठलाच नाही.

काय उरले आहे

जीव निर्जीव रसायनांतून किती सहज उपजतो, हे अजून कळलेले नाही. पृथ्वीबाहेर, अगदी मंगळाच्या पोटात किंवा गुरूच्या युरोपा या चंद्राच्या बर्फाखाली, स्वतंत्रपणे उपजलेला एक जिवाणू सापडला तरी ड्रेक समीकरणातला चौथा घटक एका रात्रीत बदलेल. बुद्धीबद्दल मायर-सेगन वाद जिथे होता तिथेच आहे. संस्कृती किती टिकते याचे उत्तर आपल्या स्वतःच्या पुढच्या काही शतकांशिवाय कुठून मिळणार, ते दिसत नाही. पाचही मते वाचून मला सर्वांत भक्कम वाटते ते ‘अजून पाहिलेच नाही’ हे. पण ते तिकडे कोणी असल्याच्या बाजूचे नाही. शोध चालू ठेवण्याच्या बाजूचे आहे.

भारतात या शोधासाठी स्वतंत्र, कायमचा कार्यक्रम नाही. त्यातली माणसे मात्र इथून घडतात. जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए संस्थेतून पीएच.डी. केलेले विशाल गज्जर आज अमेरिकेत याच क्षेत्रात काम करतात. दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभ्या राहत असलेल्या ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या महादुर्बिणीत भारत सहभागी आहे. त्यासाठी केंद्र सरकारने १२५० कोटी रुपये मंजूर केले आहेत आणि देशातले काम एनसीआरए पाहते. या प्रकल्पाच्या घोषित उद्दिष्टांत जीवाचा शोध आहे. विषयाची गोडी लागलेल्या मुलांना दाखवायला दूर जायला नको : राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते आणि त्या तबकड्या जवळून पाहता येतात. कोल्हापूरहून सकाळी लवकर निघालात तर दुपारपर्यंत पोहोचाल. आत गेल्यावर मोबाइल मात्र बंद ठेवा.